मागे उभं राहून पाहणं

डिसेंबर २०१८, गोरेगावचं नेस्को. २१ ते २३ असे तीन दिवस तिथे ड्रीमहॅक हा व्हिडिओ गेम्सचा मेळा भरला होता. १९९४ साली स्वीडनमधल्या मालुंग गावात शाळकरी दोस्तांनी आपापले संगणक एकत्र आणून मांडलेला खेळ जग फिरत आपल्या उपनगरात आला होता. बोरिवली, अंधेरी, घाटकोपरच्या पोरांना ते अनोळखी नव्हतं. तासावर पैसे मोजून ती सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळतच मोठी झाली होती. पडद्यावर गोळ्या घालणारा शेजारच्या खुर्चीतच असायचा, आणि खेळ संपला की दोघं मिळून खाली चहाला जायचे.

तिकडे बहुतेकदा लॉस एंजेलिसला, १९९५ पासून ई-थ्री हे व्हिडिओ गेम्सचं प्रदर्शन भरायचं. नवा खेळ जगाला पहिल्यांदा दिसायचा तो तिथेच. पुढे निन्टेंडो आपल्या घोषणा स्वतःच्या चित्रफितींतून करू लागली, २०१९ला सोनी फिरकलीच नाही, मग करोना आला. डिसेंबर २०२३मध्ये ई-थ्री कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ ऑगस्ट २०२०मध्ये निन्टेंडोच्या अशाच चित्रफितीतून जगापुढे आला, तेव्हा नेस्कोच्या दालनांत करोना रुग्णांच्या खाटा होत्या. मेळे बंद असतानाही पुण्यातल्या एका छोट्या चमूचा खेळ दूरदूर पोचला, याचा मला आजही आनंद वाटतो.

पण चित्रफितीला बघणाऱ्याचे हात दिसत नाहीत. मेळ्यात खेळ बनवणारा एखाद्या अनोळखी मुलीच्या हातात कंट्रोलर देतो आणि तोंड मिटून मागे उभा राहतो. ती कुठे थबकते, न उघडणाऱ्या दाराला कितीदा धडकते, कंटाळून नजर कधी वर उचलते, सगळं त्याला दिसतं. सांगावंसं वाटतं, तरी सांगायचं नसतं. मग ती अचानक हसते, आणि ते नेमकं कशाला, हे त्याला रात्रभर पुरतं.

ड्रीमहॅक पुढच्या वर्षी दिल्लीला गेलं, २०२२मध्ये हैदराबादला. मे २०२५मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात वेव्हज ही मनोरंजन उद्योगाची सरकारी परिषद थाटात झाली. त्यात गेमिंगलाही जागा होती. मला मात्र छोटा मेळा हवा आहे. मुलुंडच्या कालिदास किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहाच्या आवारात चार-सहा टेबलं लावावीत, कॉलेजच्या मुलांनी आपले अर्धवट खेळ मांडावेत आणि शेजारच्या सोसायट्यांतल्या पोरांनी ते मनसोक्त खेळून, अडवून, मोडून बघावेत.