राणीछाप

नाणी जमविण्याचा छंद मला सेमिनरीत जडला. राणीछाप रुपया तोळाभर वजनाचा, जवळजवळ ब्याण्णव टक्के चांदीचा. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. जुने रुपये बहुधा झिजलेले अथवा गळ्यात ओवण्यासाठी कडी लावलेले सापडतात. ठसठशीत छाप विरळा.

श्रीरामपूर तालुक्यात असताना एका विधवा आजींनी नातवाच्या फीसाठी १८६२ चा रुपया आणला. मुकुटाची नक्षीसुद्धा कोरी करकरीत! “चांदीच्या भावानं घ्या, फादर,” आजी म्हणाल्या. मी क्षणभर गप्प राहिलो. ते मौन आजही बोचते. नंतर मी त्यांना त्या छापेचे खरे मोल सांगितले व नाणे जाणकाराकडे पाठविले. फी भरली गेली. माझ्या संग्रहातील ती जागा मी अद्याप रिकामीच ठेवली आहे.