घर आधी की वासे?

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं म्हणताना घर आधी फिरतं हे आपण धरूनच चालतो. चार दिवस मी तिथेच अडलोय. वासेच आधी फिरत असतील तर?

17 नोव्हेंबर 1817 ला बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं. पुण्याने ते अजून विसरलेलं नाही. फिरलेला वासा म्हणून बोट दाखवायला नातू सोयीचे. पण 1802 च्या अखेरीस वसईला तह करून इंग्रजी फौज पदरात घेतली ती खुद्द दुसऱ्या बाजीरावाने, होळकरांच्या धास्तीने. मग घर तेव्हाच फिरलं होतं म्हणायचं? आणि होळकर तरी पुण्यावर का चालून आले? असं मागे मागे सरकत गेलं की पानिपत लागतं, आणि पानिपत लागलं की मराठी माणसाचा विचार थांबतो, नुसता उसासा उरतो.

घर किती टिकतं याचा रोखठोक हिशेब अरब इतिहासकार इब्न खल्दूनने 1377 साली मांडला होता. राजसत्तेचं आयुष्य साधारण तीन पिढ्यांचं, पिढी चाळीस वर्षांची. पहिली खस्ता खाते, तिसरीला आपण एकमेकांचे कोण हेच आठवत नाही. भट घराण्याची पेशवाई 1713 ते 1818, म्हणजे एकशेपाच वर्षं. हिशेब इतका चपखल बसतो की मला त्याचाच संशय येतो.

आजोळी वैशाखात कौलं उतरवली की सुतार एकेक वासा हातोडीने ठोकून बघायचा. ठणठणीत वाजला तर बरा. बद्द वाजला तर आतून वाळवीने खाल्लेला. बाहेरून दोन्ही सारखेच काळेभोर, तुळतुळीत. असाच एक बद्द वाजला तेव्हा आजीने विचारलं, "मग पडला कसा नाही रे?"

"शेजारच्यांनी धरलाय, काकी."

कुठल्या शेजारच्यांनी, आणि कधीपर्यंत, हे तिनेही विचारलं नाही. पेशवाई गेली, तरी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं उभी होती. इंग्रजांच्या आधाराने का होईना. त्यांना फिरलेले वासे म्हणावं की उरलेलं घर, मला सांगता येत नाही.

आजीने तो वासा फेकला नाही. किडका भाग कापून उरलेला गोठ्याला लावला. घर आम्ही पुढे पाडलं. गोठा अजून आहे.