दुसरा हात

संत जनाबाईचे गंगाखेड आमच्याच परभणी जिल्ह्यातले. विठ्ठल तिला दळू लागे, ही कथा मी वर्गात रूपक म्हणून शिकवीत असे. जिंतूरच्या आमच्या आजीला रूपक ठाऊक नव्हते. १९७२ च्या दुष्काळात ती दिवसभर खडी फोडी आणि रात्री रेशनची मिलो दळी.

"तुझा विठ्ठल कधी आला का गं?" मी एकदा विचारले.

"शेजारीण रोज जात्याला हात लावायची. तिच्याबी घरात काही नव्हतं. मग ते दुसरं कोण होतं रे?"

गेल्या वर्षी पत्नीच्या आजारपणात इस्पितळाच्या बाकावर एकटाच बसलो होतो. शेजारच्या अनोळखी गृहस्थाने डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली.

आता जनाबाई शिकविताना 'रूपक' हा शब्द ओठांवर येत नाही.