मुळांची उघाडी

मुळं पाणी शोषतात, हे आपण शाळेपासून घोकत आलोय. 'शोषतात' म्हटलं की डोळ्यांसमोर टिपकागद येतो, नाहीतर दिव्यातली वात. पण टिपकागद निवड करत नाही. शाई दिली तर शाई, गढूळ दिलं तर गढूळ. झाड मात्र निवडतं. त्याच ओल्या मातीतून त्याला नायट्रेट हवं असतं, पोटॅशियम हवं असतं, आणि सोडियम शक्यतो नको असतं. ही निवड नेमकी होते कुठे? गेले काही महिने हाच विचार डोक्यात आहे. कारण घरचंच आहे, पुढे सांगतो.

कोवळं मूळ आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर बाहेर त्वचा, मग मऊ पेशींचे थर, आणि त्यांच्या आत एकाच पेशीच्या जाडीचं एक कडं दिसतं. हीच अंतस्त्वचा. या कड्याच्या आत, मुळाच्या गाभ्यात, पाणी वर नेणाऱ्या काष्ठवाहिन्या. बाहेरच्या थरांत पाण्याला फारशी आडकाठी नसते. पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाच्याच जातीच्या. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार कुठल्याही पेशीत न शिरता भिंतीभिंतींतून झिरपत आत येऊ शकतात. इथपर्यंत टिपकागदच म्हणा ना!

कड्यापाशी मात्र रस्ता बंद. इथल्या प्रत्येक पेशीभोवती एक पट्टा असतो आणि शेजारशेजारच्या पेशींचे पट्टे एकमेकांना घट्ट जुळलेले असतात, विटांच्या फटीत सिमेंट भरावं तसे. रॉबर्ट कॅस्परी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून ही कॅस्पेरियन पट्टी. ती कशाची बनते यावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. २०१२ मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की ती लिग्निनची असते. लाकडाला कणखरपणा देतं तेच लिग्निन.

फटी बुजल्या की पाण्यापुढे एकच वाट उरते, पेशीच्या जिवंत पटलातून. आणि तिथे पहारा आहे. पटलातली प्रथिनं म्हणजे वेगवेगळे दरवाजे: पोटॅशियमचे वेगळे, नायट्रेटचे वेगळे, अगदी पाण्याचेसुद्धा. पाण्याच्या दरवाज्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. ते शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. शिवाय एकदा आत घेतलेले क्षार फटींतून परत मातीत गळत नाहीत, हाही पट्टीचाच उपकार.

मूळ जून होतं तसा या पेशींवर सुबेरिनचा आणखी एक लेप चढतो. सुबेरिन म्हणजे बाटलीच्या बुचातला मेणचट पदार्थ. पण काही पेशी लेपाविना ठेवलेल्या असतात, ये-जा करायला. लेप किती चढवायचा हेही ठरलेलं नसतं. २०१६ चा एक अभ्यास सांगतो की लोह किंवा जस्त कमी पडलं तर अरॅबिडॉप्सिस हा लेप कमी करतं, आणि पोटॅशियम कमी पडलं तर वाढवतं. हे वाचलं आणि मला आमच्या खारीची उघाडी आठवली.

आमची भातशेती धरमतर खाडीच्या काठाला, खारबंदिस्तीतली. कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो: खाडीला बांध घालून आत गोड्या पाण्याची शेती करायची. बांधात उघाडी असते, म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी बाहेरच राहतं. म्हणजे बांध ही पट्टी, आणि उघाडी हा दरवाजा!

२०२२ च्या पावसाळ्यात उधाणाला या बांधाला खांड गेली. खारं पाणी आत आलं आणि भात करपला. तेव्हापासून तिथे तिवरं उगवायला लागली आहेत. काका फोनवर म्हणाले, "अरे, याच पाण्यावर तिवर माजतोय, मग भातालाच काय झालं?"

काका, उत्तर मुळातच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तिवराच्या मुळांतले अडसर इतके पक्के की त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त मीठ मुळाशीच अडतं. उरलेलं ते पानांतून बाहेर टाकतं. लहानपणी आपण तिवराचं पान चाटायचो, ते खारट लागायचं ते यामुळेच. भाताच्या मुळातही पट्टी असते, पण तिच्यात गळती जास्त. जिथे उपमूळ फुटतं तिथे ते आतून कडं फोडून बाहेर येतं, आणि त्या जागी काही काळ फट राहते. अशा फटींतून सोडियम, कुठल्याही दरवाज्यावर न थांबता, थेट गाभ्यात शिरतं. भातालाही खांडच जाते, काका.

पण सगळे भात सारखे नसतात. केरळच्या पोक्कळी भाताच्या मुळांत हे अडसर जास्त मजबूत असतात. आणखी एक गोष्ट प्रयोगांत दिसली: रोपांना आधी थोडं खारं पाणी दिलं की ती अडसर वाढवतात आणि नंतरच्या जास्त मिठात जास्त तगतात. आपल्याकडेही पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने 'पनवेल' नावाने खाऱ्या जमिनीत टिकणारे वाण काढले आहेत.

घरात दोन मतं आहेत, हे नातेवाईक वाचक जाणतातच. 'विकून मोकळे व्हा' असं एक, आणि काकांचं दुसरं. मी काकांच्या बाजूने आहे, पण वेळ थोडा आहे. तिवरं दाट झाली की ते कांदळवन ठरेल, आणि २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्यात कांदळवन तोडायला मनाई आहे. तिवरावर माझा राग नाही. बांधाबाहेर ते असलेलंच बरं, लाटांचा मार तेच सोसतं. पण वाण कितीही चांगला आणला, तरी उधाणाचं पाणी थेट शेतात आल्यावर भाताच्या मुळाने एकट्याने किती अडवायचं?

कचेरीत अर्ज दिलाय, फाईल फिरतेय. पुढच्या उधाणाआधी खांड बुजवायला गावातली किती माणसं येतील, याची यादी काकांनी करायला घेतली आहे. त्यात माझं नाव आहे. चुलत भावंडांनो, तुमचं घालू का?