पहिल्या वर्षीची शर्यत

लांब पल्ल्याच्या नव्या ट्रायथलॉनची घोषणा झाली की आमच्या नाशिकच्या गटात सगळ्यात आधी फिरतं ते चित्र. निळंशार पाणी, मागे उगवता सूर्य आणि कमरेपर्यंत भिजलेला एक दणकट माणूस. त्याखाली तारीख, अंतरं, फी आणि लवकर नोंदणी करणाऱ्यांना सवलत. रविवारची लाँग राईड आटोपून मिसळीच्या टेबलाशी बसेपर्यंत निम्म्या लोकांनी मनातल्या मनात नाव घातलेलं असतं. मी जादा पाव मागवतो आणि फोन पालथा ठेवतो. त्या चित्रातलं पाणी नेहमी शांत असतं, हे एवढ्या वर्षांत ध्यानात आलेलं आहे.

जुन्या शर्यतीचा अंदाज बांधणं अवघड नसतं. मागच्या वर्षांचे निकाल काढायचे, पहिल्या दहाकडे न बघता शेवटच्या पन्नासांकडे बघायचं. पोहण्यातच किती जण बाद झाले, सायकलच्या कट-ऑफला किती अडकले, धावताना किती जणांनी सोडलं. शर्यतीचा खरा स्वभाव तिथे कळतो. नव्या शर्यतीला निकालपत्रकच नसतं. मग नकाशा, पंचांग, हवामान खात्याच्या नोंदी आणि आपला देह, एवढ्यावरून न झालेली शर्यत आधी डोक्यात पळवून बघावी लागते. आमच्या या छंदातलं हे कौशल्य कुणी शिकवत नाही. प्रशिक्षक वॅट शिकवतात, हृदयाचे ठोके शिकवतात. घोषणा वाचायला शिकवत नाहीत.

२०१९ मध्ये गोव्यात आयर्नमॅन ७०.३ येणार असं कळलं तेव्हा हे सगळं आम्ही पहिल्यांदा नीट केलं. भारतातली ही पहिली आयर्नमॅन शर्यत. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. तिन्ही अंतरं मैलांत मोजून बेरीज केली की ७०.३ होते. मिरामारचा किनारा, २० ऑक्टोबर. त्याआधी आयर्नमॅन म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि विमानातून नेलेली सायकल. अभिनेता मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना २०१५ मध्ये झुरिकला गेला, पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश २०१७ मध्ये फ्रान्सला, आणि २०१८ मध्ये नाशिकचे तेव्हाचे पोलीस आयुक्त रवींद्रकुमार सिंगलही फ्रान्सलाच. आता निदान तिची अर्ध्या अंतराची आवृत्ती मंगला एक्स्प्रेसच्या मार्गावर आली होती. नाशिकरोडला बसायचं आणि मडगावला उतरायचं. खोलीभाड्यासकट सगळा खर्च परदेशातल्या नुसत्या तिकिटापेक्षा कमी. घरी पटवून सांगता येईल असा हा पहिलाच हिशेब होता, आणि घोषणेत तोच भाग सगळ्यात मोहाचा होता.

पण तारीख बघा. २० ऑक्टोबर. कोकणपट्टीतून पाऊस तेव्हा नुकता निघालेला असतो, कधी निघायच्या बेतात असतो, कधी निघालाय असं वाटून परत फिरतो. त्या वर्षी शर्यत झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात अरबी समुद्रात क्यार उठलं. २००७ च्या गोनूनंतरचं या समुद्रातलं पहिलं महाचक्रीवादळ. शर्यत आठवडाभर पुढे असती तर पोहणं झालं असतं का, याचं उत्तर सांगायला कोळी लागत नाही. नंतरच्या वर्षांत ही तारीख इकडेतिकडे सरकत राहिली. २०२२ मध्ये १३ नोव्हेंबर, २०२३ मध्ये ८ ऑक्टोबर, २०२४ मध्ये २७ ऑक्टोबर, २०२५ मध्ये ९ नोव्हेंबर. माझं मत विचाराल तर नोव्हेंबरच बरा. आयोजकांना पर्यटनाचा हंगाम, हॉटेलं, पोलीस बंदोबस्त, जगभरचं वेळापत्रक असं बरंच सांभाळावं लागतं हे मान्य. पण पोहणाऱ्याने आधी समुद्राची सोय पाहावी.

आमची खरी पंचाईत पाण्यातच आहे. नाशिक हे सायकलचं गाव. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून रॅम (रेस अॅक्रॉस अमेरिका) ही अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. दोन वर्षांनी नाशिकमध्येच नेमणुकीला असलेले सैन्यदलातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. धावण्यातही आम्ही कमी नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने या मातीतल्या पायांना काय जमतं ते सगळ्या देशाला दाखवलं. पाण्याचं नाव निघालं की मात्र गटात शांतता पसरते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रोइंगमध्ये थेट रिओ ऑलिम्पिकला गेला, पण वल्हं त्याच्या हातात आलं ते सैन्यात गेल्यावर, पुण्यात. त्याच्या गावात पाणी विहिरीच्या तळाशी.

आम्ही पोहायला शिकतो ते त्र्यंबक रस्त्यावरच्या महापालिकेच्या तलावात. तळाला काळी रेघ, दोन्ही टोकांना भिंत, भिंतीला टेकून चष्मा पुसायची सोय. तिथे शंभर मीटरला तीन मिनिटं लागणारा माणूस कागदावर हिशेब मांडतो: एकोणीसशे मीटर, सत्तावन्न मिनिटं, कट-ऑफ एक तास दहा मिनिटांचा, म्हणजे तेरा मिनिटं हातात. हिशेब बरोबर आहे, पण तो तलावाचा. समुद्रात तळाला रेघ नसते. दर सात-आठ हातांनंतर डोकं वर काढून बोया शोधावी लागते आणि ती बहुतेकदा लाटेमागे दडलेली असते. ज्याला हे सायटिंग जमत नाही तो नागमोडी पोहतो आणि एकोणीसशेच्या जागी सहज बावीसशे मीटर कापतो. बावीसशेला सहासष्ट मिनिटं. तेरातली चार उरली, आणि त्यात अजून कुणाची लाथ चष्म्यावर बसलेली नाही.

वेटसूट तरंगवेल, ही आशाही सोडून द्यावी. पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं की सर्वसामान्य स्पर्धकांना बक्षिसासाठी वेटसूट चालत नाही, आणि ऑक्टोबरातला गोव्याचा समुद्र त्याहून चांगलाच कोमट असतो. मिठाचं पाणी थोडंफार उचलून धरतं, हे खरं. पण ते तेवढ्याच उदारपणे नाकातोंडातही शिरतं.

म्हणून नवा माणूस "नाव घालू का?" असं विचारत आला की मी त्याची सायकल बघत नाही. सायकल कार्बनची असते, ती मला माहीत असते. मी विचारतो, शेवटचं उघड्या पाण्यात कधी उतरलास? सोबत कोण होतं? मध्येच छाती दडपली तर काय करशील? पाठीवर उलटून, आकाशाकडे बघत, श्वास जागेवर येईपर्यंत पडून राहता येतं का? हे येत असेल तर वेगाचं पुढे बघता येतं. येत नसेल तर माझं उत्तर यंदा नको असं असतं. काही जण रागावतात. रागावून पुढच्या रविवारी पुन्हा मिसळीला येतात, तोवर फी भरलेली असते.

दुसरी मेख घड्याळात आहे आणि ती चित्रात कधीच दिसत नाही. गोव्याची पहिली शर्यत सैन्यदलाच्या बिश्वोर्जित सैखोमने पावणेपाच तासांच्या आत मारली. सकाळी सातची सुरुवात धरली तर असा माणूस बाराच्या आत घामेजला टी-शर्ट बदलून सावलीत बसलेला असतो. आमच्यासारखा माणूस पोहण्याला एक तास, सायकलला चार तास आणि मधल्या ट्रान्झिशनमध्ये मोजे शोधण्यात दहा मिनिटं घालवतो. त्याचं धावणं सुरू होतं बारा वाजून गेल्यावर आणि संपतं तिनाच्या आसपास. म्हणजे रस्ता तोच, अंतर तेच, पण जिंकणारा सकाळची शर्यत करतो आणि आम्ही दुपारची. हवामानाचा अंदाज वाचताना सकाळी सहाचं तापमान बघून खूश होण्यात अर्थ नाही. आपण ज्या तासाला जिथे असणार त्या तासाची हवा बघायची.

त्यात आमची सवय कोरड्या हवेची. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंच, ऑक्टोबरातही घाम येतो आणि उडून जातो. घाम उडतो म्हणून अंग निवतं. किनाऱ्यावर तो उडत नाही, नुसता कोपरावरून ठिबकत राहतो आणि शरीर आतून तापत जातं. उष्ण, दमट हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि नोकरदाराला रजा मिळते चार. मग आम्ही भर दुपारी हवा बंद ठेवलेल्या खोलीत ट्रेनरवर सायकल मारतो. आधी आणि नंतर वजन करतो. तासाभरात किती घटलं त्यावरून पाण्याचा आणि मिठाचा अंदाज बांधतो. शेजाऱ्यांचं आमच्याबद्दलचं मत तेव्हापासून बनलेलं आहे.

सायकलचा मार्ग वाचणं त्या मानाने सोपं, निदान नाशिककरांना. सावळ घाट, अंबोली घाट, वणीवरून सापुतारा अशा चढांवर तयार झालेल्या पायांना गोव्याचे चढ घाबरवत नाहीत. लाँग राईडनंतर लगेच बूट बदलून धावायचं, म्हणजे ब्रिक, तेही गिरणारे रस्त्यावर रेटून होतं. यावर जास्त लिहीत नाही. सायकलवर बोलायला लागलो की आम्ही थांबत नाही.

घोषणेत नसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ज्याची-त्याची शेती, दुकान, परीक्षा. आमच्यातला एक जण ओझरकडचा द्राक्ष बागायतदार. पाय असे की चढावर तो बोलत जातो आणि आम्ही नुसती मान हलवतो. ऑक्टोबरची शर्यत जाहीर झाली की त्याचा चेहरा पडतो. तेव्हा त्याची गोडी छाटणी. कोणत्या दिवशी छाटलं यावर माल कधी तयार होणार ते ठरतं, आणि छाटणीनंतर पाऊस आला तर डाऊनी या बुरशीसाठी रात्री उठून फवारणी. पीक हातचं गेलं तर पदक गळ्यात घालून बँकेत जाता येत नाही, असं तो म्हणतो. त्याने गोव्याची पहिली शर्यत सोडली. आमच्यात सगळ्यात तयार तोच होता, आणि सगळ्यात नीट विचारही त्यानेच केला होता.

पहिल्या वर्षीच्या शर्यतीचं आकर्षण मला कळतं. आयर्नमॅनचा जन्मच तसा झालेला आहे. १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईच्या ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापुढे एक जोडल्या आणि एकाच दिवसात करायच्या ठरवल्या. वायकिकीचं समुद्रातलं पोहणं, बेटाला सायकलने वळसा आणि होनोलुलूची मॅरेथॉन. बेटाची सायकल फेरी मुळात ११५ मैलांची होती. पोहणं जिथे संपतं तिथून निघून मॅरेथॉन जिथे सुरू होते तिथे पोचायचं, म्हणून त्यातले तीन मैल गळले. जगभर पूर्ण आयर्नमॅनची सायकल आजही ११२ मैलांची, म्हणजे १८० किलोमीटरची आहे ती त्या बेटाच्या रस्त्यामुळे. पंधरा जण उतरले, बारा जण पोचले. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांकडचं पाणी धावताना संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. निकालपत्रक नाही, कट-ऑफ नाही, आणि पाण्याची व्यवस्था ही अशी. आज असा कागद कुणी आमच्या गटात टाकला तर मी कुणालाच जाऊ देणार नाही. स्वतः मात्र गेलो असतो की काय, अशी शंका येते.

गंगापूर धरणावर लांब पल्ल्याची ट्रायथलॉन व्हावी, अशी चर्चा आमच्यात दर पावसाळ्यानंतर होते. धरण भरलेलं, बोट क्लब तयार, त्र्यंबककडे जाणारा रस्ता, धावायला द्राक्षबागांमधून गिरणाऱ्याकडे. बोलताना सगळं जुळतं. मग जाणते लोक एकेक खडा टाकतात. हे शहराच्या पिण्याचं पाणी आहे, त्यात शेकडो माणसं उतरवायला परवानगी कोण देणार? बॅकवॉटरला मासेमारीची जाळी असतात, काठाला गुडघाभर गाळ असतो, बाहेर पडायची जागा एकच. रविवारी सकाळी देवदर्शनाच्या गाड्यांनी भरलेला त्र्यंबक रस्ता किती तास बंद ठेवता येईल? आणि आता २०२६-२७ चा सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं. तोवर हे रस्ते आणि हे पोलीस दुसऱ्या कुणाच्याच वाट्याला येणं कठीण.

तरीही कुणी विचारलंच, तर डिसेंबरचा दुसरा रविवार सांगेन. गोडी छाटणी उरकलेली असते, माल काढायला अवकाश असतो, म्हणजे ओझरकर येऊ शकतो. हवा कोरडी, दुपार सोसण्याजोगी, धरणात पाणी भरपूर. जानेवारीतल्या नाशिकच्या मविप्र मॅरेथॉनला पाय मोकळे व्हायला थोडे आठवडेही मिळतात. पाणी गार असेल; कुडकुडू. पण चित्राखालच्या बारीक अक्षरांत मी आधी एकच ओळ शोधेन, दर किती पोहणाऱ्यांमागे एक जीवरक्षक आणि एक होडी आहे ती. ओझरकर म्हणतो की तो होडीवाल्याचा फोन नंबरही मागेल.