देवाला जाब विचारणारी भाषा

प्रा. अँटनी फ्ल्यू यांस,


१९५० साली छापून आलेला आपला छोटासा निबंध देवाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाची वाट आजही अडवतो. तत्त्वज्ञ जॉन विस्डम यांची गोष्ट आपण त्यात नव्याने सांगितलीत. रानातल्या मोकळ्या जागेत फुलंही आहेत आणि तणही. एक प्रवासी म्हणतो, इथे माळी येत असणार. पहारा बसतो, विजेचं कुंपण घातलं जातं, शिकारी कुत्रे फिरवले जातात. माळी सापडत नाही. तरी प्रवाशाचं म्हणणं कायम, माळी आहे, पण अदृश्य आहे, त्याला वास नाही, स्पर्श नाही. मग असा माळी आणि मुळात नसलेला माळी यांत फरक काय उरला?

पुढे आपण घशाच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलाचा दाखला दिलात. जन्मदाता बाप जिवाचं रान करतो, स्वर्गातल्या पित्याची मात्र चाहूल नसते. तेव्हा ‘देवाचं प्रेम माणसासारखं नसतं’ अशी पुस्ती जोडली जाते. प्रत्येक पुस्तीनिशी मूळ विधानातला अर्थ गळत जातो. काहीही घडलं तरी जे खोटं ठरत नाही, ते विधान काही सांगतच नाही. मला हे पटतं. मूल गमावलेल्या आईला ‘यातही त्याचीच काही योजना असेल’ असं ऐकवणारी भाषा पोकळच आहे.

पण श्रद्धेची सगळी भाषा अशी नसते. बायबलमधला दुःखात होरपळलेला ईयोब देवाकडेच दाद मागतो, आणि शेवटी देवाचा राग ओढवतो तो त्याला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर. आमच्या जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्याशाप दिले; तुकोबांनी तर देव आपल्यापुरता संपल्याचं सांगून टाकलं. या माणसांनी दुःखाला देवाविरुद्धचा पुरावा मानलं. आपल्याला उत्तर देताना तत्त्वज्ञ बॅझिल मिचेलही हेच म्हणाले होते: श्रद्धावान विरोधी पुरावा नाकारत नाही, तो सोसूनही विश्वास ठेवतो. ज्याच्यावर वचन मोडल्याचा आरोप करता येतो, त्याच्याविषयीचं बोलणं निरर्थक कसं ठरेल?

२००४ साली आपण ॲरिस्टॉटलच्या वळणाचा, माणसाच्या आयुष्यात न पडणारा देव मान्य केलात. विश्वाची घडण समजून घ्यायला तो पुरेसा असेलही. पण त्याच्याशी भांडता येत नाही. त्याने कोणाला काही कबूलच केलेलं नाही.

म्हणून आपली कसोटी मी अशी वापरेन: काय घडलं तर तू देवाला जाब विचारशील? ज्याच्यापाशी याचं उत्तर आहे, त्याच्या बोलण्याला अर्थ आहे. ते खरं आहे का, हा वाद त्यानंतरचा. आणि तो अजून मिटलेला नाही.

आपला,
एक मराठी वाचक