आठ तासांची मुंबई

दोन वर्षांमागे प्रवासी बोटीने जात असता आम्ही उभयता नॉर्वे देशातील बर्गेन बंदरी एक दिवस उतरलो होतो. तेथे धक्क्यालगत ब्रिगेन नावाची जुन्या व्यापाऱ्यांच्या लाकडी घरांची ओळ आहे. १७०२ च्या आगीत जळाल्यावर ती जुन्याच धाटणीने पुन्हा उभारली गेली व १९७९ पासून जागतिक वारसा म्हणून जपली जात आहे. कललेले सज्जे, करकरणारे जिने, दोन घरांमधून जेमतेम माणूस जाईल एवढा बोळ. आणि पाऊस म्हणाल तर आपल्या कोकणाशी भाऊबंदकी सांगणारा. छत्री सावरीत सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ही तर तुमची गिरगावातली वाडी!" आम्ही हसलो.

यंदा दुबईहून निघालेली आमची बोट सकाळी आठास बॅलार्ड पिअरला लागली आणि चारच्या आत परत या, अशी ताकीद मिळाली. परदेशी राहून तीस वर्षे लोटली खरी. पण जन्मगावी असे घड्याळ लावून उतरण्याचा प्रसंग पहिलाच.

प्रथम सहप्रवाशांबरोबर गेट वे ऑफ इंडिया पाहावयास गेलो. वाटाड्या सांगत होता ते सारे खरे होते. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली येथे उतरले तेव्हा ही कमान बांधलेली नव्हती. ती पुरी झाली १९२४ साली, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण तिच्याखालूनच निघून गेली. "तुम्ही हे पुष्कळदा पाहिले असेल?" असे एका परदेशी बाईंनी विचारले. शाळेच्या सहलीत एकदा, हे कबूल करताना आम्ही ओशाळलो. गिरगावकराची मुंबई धोबीतलावाशीच संपत असे!

तेथून टॅक्सीने ठाकूरद्वार गाठले. वाटेत खोताच्या वाडीत डोकावलो. एके काळच्या सुमारे ६५ घरांपैकी आता निम्मीही उरलेली नाहीत. मात्र जी आहेत त्यांचे रंगीत सज्जे पाहून ब्रिगेनची आठवण झाली. आमच्या वाडीच्या जागी मात्र उंच मनोरा उभा होता. "किसके यहाँ जाना है?" रखवालदाराने विचारले. काय उत्तर द्यावे? आमच्या दोन खोल्या जेथे होत्या, तेथे बहुधा आता मोटारी ठेवत असाव्यात.

परत फिरणार तोच समोरच्या, अजून न पाडलेल्या चाळीच्या गॅलरीतून हाक आली, "खालच्या मजल्यावरचा धाकटा ना रे तू?" काकू! नव्वदी उलटलेली, पण दृष्टी शाबूत. चहा झाला. आमच्या मातोश्रींच्या आजारपणात दोन महिने यांच्याच घरचा डबा येत असे. "मुक्काम किती दिवसांचा?" आम्ही खरे ते सांगितले. त्यांना थट्टा वाटली. मग वाटेनाशी झाली. "निदान पिठलंभात तरी खाऊन जा," त्या म्हणाल्या. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. आम्ही उठलो. काकूंनी सौभाग्यवतींच्या हाती मेतकुटाची पुडी दिली आणि जिन्यापर्यंत आल्या. खाली उतरणे त्यांना आता झेपत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या भुयारी रेल्वेने गिरगावाहून बोरीबंदर दोन स्थानकांवर आले आहे. आम्ही वेळेत पोहोचलो. बोटीवरच्या पहारेकऱ्याने पुडी उलगडून, हुंगून, हे काय म्हणून विचारले. इंग्रजीत मेतकुटास शब्द सुचेना. "औषध आहे," असे सौभाग्यवतींनी सांगितले, आणि त्याने आम्हांस आत सोडले.